विशाखेची साक्ष

१

मराठीच्या वर्गात ‘विशाखा’ हा शब्द उच्चारला, की १९४२ सालचा कुसुमाग्रजांचा संग्रह डोळ्यांपुढे येतो आणि आम्ही शिक्षकमंडळी त्यावर तासभर सहज बोलतो. अकोला-अमरावतीच्या ज्या वस्त्यांतून आमचे कितीतरी विद्यार्थी येतात, तेथील विहारांत मात्र या नावाची दुसरीच एक स्त्री परिचित आहे : श्रावस्तीची महाउपासिका विशाखा. तिने संघाला विहार बांधून दिला, भिक्षूंना चीवरे दिली, आजाऱ्यांच्या पथ्यपाण्याची सोय केली. तिच्या दानाची कथा धम्मदेशनेत वारंवार येते. दान मागायचे असले, की हमखास येते. विनयपिटकात तिची आणखी एक कथा आहे. ती मात्र वयाची चाळिशी उलटेपर्यंत मी कोणाच्याही तोंडून ऐकली नव्हती.

कथा अशी. श्रावस्तीत एका घरी विशाखेला जेवणाचे बोलावणे होते. तेथे तिने उदायी नावाच्या भिक्षूला एका तरुणीसह आडोशाला, एकांतात बसलेले पाहिले. हे वागणे योग्य नाही, असे तिने त्याला तोंडावर सांगितले. उदायीने मनावर घेतले नाही. विशाखा तेवढ्यावर थांबली नाही. तिने इतर भिक्षूंना सांगितले, भिक्षूंनी बुद्धांना सांगितले, आणि बुद्धांनी उदायीला विचारून, त्याची निर्भर्त्सना करून नियम घालून दिला. पातिमोक्खात ‘अनियत’ नावाचे जे दोन नियम आहेत, त्यांतील पहिल्याचा हा उगम. जिच्या शब्दावर विश्वास ठेवावा अशा उपासिकेने भिक्षूला अशा स्थितीत पाहून आरोप केला आणि आपण तेथे बसलो होतो हे भिक्षूने मान्य केले, तर संघाने त्याच्यावर कारवाई करावी. आणि दोष कोणता हे ठरवताना त्या उपासिकेचे म्हणणे प्रमाण धरता यावे.

चीवर धारण केलेल्या पुरुषाविरुद्ध मुलेबाळे असलेल्या, घरसंसारी बाईची साक्ष चालते, ही गोष्ट ज्या परंपरेने आपल्या घटनेतच लिहून ठेवली, त्या परंपरेचे आपण वारसदार. मग आपल्याच काळात, आपल्याच एका गुरूविषयी साक्षी पुढे आल्या तेव्हा आपण काय केले?

२

दोनतीन वर्षांपूर्वीची गोष्ट. अमरावतीत एका स्नेह्याच्या घरी अभ्यासवर्ग होता. आनापानसती झाली, मैत्रीभावना झाली, चहा झाला. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि त्यांच्या शेजारी चष्मा लावलेले एक वयोवृद्ध इंग्रज भिक्षू, असे तीन फोटो. एम. ए.ला शिकणाऱ्या एका मुलीने मोबाइल पुढे केला आणि तिसऱ्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, “सर, हे सारं खरं हाये काय? अन् खरं हाये तं मंग आपल्याले कोणी सांगत काहून नाही?” एक ज्येष्ठ गृहस्थ तिला समजावणीच्या सुरात म्हणाले, “बाई, घरातलं भांडण चव्हाट्यावर नसते नेत. तिकडचं तिकडं.” विषय संपला. मी शेजारीच बसलो होतो. रोज वर्गात विद्रोहावर व्याख्याने देणारा मी त्या क्षणी काही बोललो नाही. प्रस्तुत लेखाचे कारण ते गप्प बसणे आहे.

तो तिसरा फोटो संघरक्षितांचा होता. त्यांच्याविषयी जे सार्वजनिक नोंदीत आहे, तेवढेच येथे सांगतो.

डेनिस लिंगवुड हे त्यांचे मूळ नाव. जन्म १९२५, लंडन. १९४९ साली कुशीनगरला ऊ चंद्रमणी महास्थविरांकडून त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली. याच चंद्रमणींनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील दिले. संघरक्षित कालिम्पाँगला राहत. बाबासाहेबांशी त्यांच्या भेटी झाल्या होत्या. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते नागपुरात होते. महापरिनिर्वाणाची वार्ता आली त्या संध्याकाळी आणि पुढचे काही दिवस ते वस्तीवस्तीतून बोलत हिंडले. दीक्षा घेऊन दोन महिनेही न झालेल्या आणि एकाएकी पोरक्या झालेल्या माणसांना ‘धम्म संपलेला नाही’ हे सांगणारा आवाज त्या दिवसांत त्यांचा होता. १९६४ साली ते इंग्लंडला परतले, १९६७ साली ‘फ्रेंड्स ऑफ द वेस्टर्न बुद्धिस्ट ऑर्डर’ ही चळवळ त्यांनी सुरू केली. १९७७ साली त्यांचे शिष्य लोकमित्र भारतात आले आणि पुढे पुण्याला स्थायिक झाले. त्यांतून त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण उभा राहिला. वसतिगृहे, बालवाड्या, आरोग्यकेंद्रे, भाजे आणि बोरधरणची शिबिरे, नागपूरचे नागलोक. विदर्भातल्या कितीतरी घरांत ध्यान करायला पहिल्यांदा शिकवले ते याच माणसांनी. मलाही. २०१० साली या साऱ्या चळवळीने ‘त्रिरत्न’ हे एकच नाव घेतले.

आता दुसरी बाजू. २७ ऑक्टोबर १९९७ रोजी लंडनच्या ‘गार्डियन’ने या चळवळीतील लैंगिक गैरवर्तनाविषयी सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात स्वतः संघरक्षितांचे तरुण शिष्यांशी आलेले लैंगिक संबंध होते, तसेच क्रॉयडनच्या केंद्रात १९८०च्या दशकात तेथील प्रमुखाने तरुणांवर गाजवलेल्या सत्तेची हकीकतही होती. हा संबंध आपल्यापुढे आध्यात्मिक वाढीची एक पायरी म्हणून मांडला गेला, असे तक्रार करणाऱ्यांपैकी काहींचे म्हणणे होते. २००३ साली संघाच्या अंतर्गत नियतकालिकात एका सदस्याने आपला अनुभव पत्राने कळवला. २०१६ साली बीबीसीने हा विषय पुन्हा पुढे आणला. ३० डिसेंबर २०१६ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, संघरक्षितांनी निवेदन काढले : ज्या ज्या प्रसंगी आपण धम्मबांधवांना दुखावले, त्यांचे अहित केले वा त्यांना क्लेश दिले, त्याबद्दल खोल खेद वाटतो आणि आपण क्षमा मागतो. कोणाचे, काय अहित, याचा तपशील त्या निवेदनात नव्हता. पुढे संघाने या प्रश्नांसाठी एक गट नेमला, संरक्षणाची नियमावली केली, संवादाचे प्रयत्न केले. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी संघरक्षित वारले. २०१९ साली ‘ऑब्झर्व्हर’ने प्रश्न पुन्हा विचारला, कारण तो सुटलेला नव्हता.

कोणत्याही न्यायालयात संघरक्षितांवर गुन्हा सिद्ध झालेला नाही, हेही नोंदवले पाहिजे. पण न्यायालयाची पायरी ही नीतीची पहिली पायरी, असे धम्माने कधी मानले नाही.

३

यावर आमच्याकडे जी उत्तरे कानी पडतात, ती एकेक तपासू.

पहिले उत्तर कृतज्ञतेचे : “त्यांनी आपल्यासाठी केवढे केले!” केलेच. वरचा परिच्छेद मी त्याच कृतज्ञतेने लिहिला आहे. पण कृतज्ञता हे ऋण आहे. ते फेडायचे तर आपल्या खिशातून फेडावे. लंडनच्या किंवा नॉर्फोकच्या एखाद्या दुखावल्या तरुणाच्या खिशातून आपले ऋण फेडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? ‘नागपूरसाठी त्यांनी जे केले, त्यापुढे तुझे दुःख क्षुल्लक’ असे त्याला सांगणे म्हणजे ज्या हिशेबाने शतकानुशतके आपल्याला गप्प बसवले गेले, तोच हिशेब दुसऱ्यापुढे ठेवणे होय.

दुसरे उत्तर शत्रूचे : “विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल.” मिळेल. धर्मांतराची टवाळी करण्यास टपलेले लोक आहेत, हे मलाही दिसते. परंतु कोंबडे झाकल्याने उजाडायचे राहत नाही. जे ‘गार्डियन’मध्ये छापले गेले आणि ज्यावर गुरूने स्वतः क्षमा मागितली, ते अमरावतीच्या एका बैठकीत झाकून कोणापासून लपणार? लपते ते फक्त आपल्या मुलींपासून आणि मुलांपासून, आणि त्यांच्याही हाती आता मोबाइल आहे. शत्रूच्या हाती खरे कोलीत मिळते ते आपण खोटे बोलताना पकडले जातो तेव्हा.

तिसरे उत्तर भूगोलाचे : “ते सारे इंग्लंडातले.” मग दीक्षेची परंपरा कोठली? धम्मचारी ज्या संघात प्रवेश करतो तो संघ जगभर एक आहे, हे तर आपण अभिमानाने सांगतो. एकतेचा अभिमान नागपुरात आणि उत्तरदायित्व लंडनला, अशी वाटणी होत नाही.

चौथे उत्तर कुजबुजीचे, आणि ते मला सर्वांत हीन वाटते : “माणूस ‘तसला’ होता.” दोष येथे नाही. पुरुषाला पुरुषाविषयी ओढ वाटणे हा अपराध नव्हे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७चा तो डागही पुसून टाकला. दोष आहे तो गुरू आणि शिष्य यांच्यातील विषम सत्तेचा. शिष्याची दीक्षा ज्याच्या शब्दावर अवलंबून, शिष्याच्या मनाची उघडीवाघडी कागदपत्रे ज्याच्या हाती, त्या माणसाने शिष्याकडे शरीर मागणे, हा प्रश्न आहे. शिष्याच्या जागी स्त्री असती तरी तो तितकाच राहिला असता. ‘तसला’ म्हणून नाक मुरडणारे खऱ्या प्रश्नाला बगल देतात आणि वर एका निरपराध समूहाला अपमानित करतात. ज्यांना जन्मावरून हिणवले गेले, त्यांच्या तोंडी ही भाषा शोभत नाही.

४

मी भाषेचा शिक्षक आहे, म्हणून भाषेकडे थोडे थांबून पाहतो.

अशा प्रसंगी एक वाक्य सर्वत्र ऐकू येते : ‘चुका झाल्या.’ व्याकरण करून पाहावे. या वाक्यात कर्ता कोण? ‘चुका.’ त्याच झाल्या. पाऊस झाला, उशीर झाला, तशा. ज्याने केल्या तो माणूस वाक्यात नाही, आणि ज्याच्यावर झाल्या तोही नाही. दुसरा शब्द ‘वैयक्तिक बाब’. गुरूचे खासगीपण शिष्याच्या खोलीत सुरू होत असेल, तर ते खासगी कोणासाठी? तिसरा शब्द ‘संमती’. आईबाप, शिक्षण, कधी देशही सोडून मुक्तीच्या शोधात आलेला विशीतला मुलगा ज्याला बोधिमार्गाचा वाटाड्या मानतो, त्याला ‘नाही’ कसे म्हणणार? आणि म्हटल्यावर उद्या त्या घरात राहणार कसा?

पण सर्वांत जपून हाताळायला हवा तो शब्द ‘कल्याणमित्र’. संघरक्षितांच्या शिकवणीत मैत्रीला मध्यवर्ती स्थान आहे, आणि माझ्यासारख्या एकट्या माणसाला या शब्दाने पुष्कळ दिले आहे. परंतु मैत्री बरोबरीच्यांत असते. एकाने शिकवायचे, एकाने शिकायचे. एकाने पारखायचे, एकाने पारखून घ्यायचे, या नात्याला मैत्री म्हटले की त्यातील उंचसखलपणा दिसेनासा होतो. ‘साहेब’ म्हटले तर माणूस सावध राहतो, ‘मित्र’ म्हटले की दार उघडतो. सत्तेला प्रेमाचे नाव देण्याची किमया आपण सरंजामदाराच्या ‘मायबाप’ या शब्दात ओळखली होती. ती आपल्या अंगणात ओळखायला चुकलो.

५

यावर अभ्यासू मंडळी म्हणतील, की त्रिरत्नाचा संघ हा भिक्षुसंघ नव्हे. धम्मचारी ना भिक्षू ना केवळ उपासक. तेव्हा विनयाचे नियम त्याला कसे लागू? प्रश्न योग्य आहे आणि गाठही तेथेच आहे.

भिक्षूंच्या पोकळ कर्मठपणावर संघरक्षितांनी टीका केली. चीवरापेक्षा शरणगमन महत्त्वाचे, जीवनपद्धती दुय्यम, असा त्यांचा सिद्धांत. त्यात तथ्य होते. चीवर घालून आळशी बसलेला भिक्षू बाबासाहेबांनाही मान्य नव्हता. परंतु विनय म्हणजे काय खावे, कधी खावे एवढेच नव्हे. धर्मानंद कोसंबींनी ‘बौद्धसंघाचा परिचय’ लिहून मराठी वाचकाला हे केव्हाच करून दिले आहे. विनय ही संघाची न्यायव्यवस्था आहे. आरोप कोणी करावा, आरोपीला कसे विचारावे, दोष कसा कबूल करावा, पुन्हा कसे सामावून घ्यावे, याची ती कार्यपद्धती आहे. जुनाट म्हणून विनय बाजूला ठेवला तेव्हा खाण्यापिण्याच्या नियमांबरोबर ही कार्यपद्धतीही गेली. उरली ती गुरूची सद्बुद्धी. आणि गुरूच्या सद्बुद्धीवर चालणाऱ्या संस्थेला आपण एरवी काय म्हणतो, हे बुवाबाजीविरोधी व्याख्यानमालेत टाळ्या वाजवणाऱ्यांना सांगायला नको.

त्या जुनाट व्यवस्थेत काय होते, तेही पाहू. संघादिसेस नावाचे तेरा गंभीर दोष आहेत. त्यांतला चौथा असा, की स्त्रीने आपली कामवासना पुरवणे हीच श्रेष्ठ सेवा आहे, असे भिक्षूने तिला सांगणे. आधुनिक गुरूंचा ‘ही साधनाच आहे’ हा युक्तिवाद त्या काळीच ओळखला गेला होता आणि त्याला दोषाचे नाव मिळाले होते. पुढे, असा दोष करून भिक्षूने तो लपवला तर? जितके दिवस लपवला तितके दिवस ‘परिवास’, म्हणजे संघात खालच्या स्थानी राहण्याचे प्रायश्चित्त. मग सहा रात्रींचे मानत्त, आणि मग किमान वीस भिक्षूंच्या सभेत पुनःप्रवेश. आणि दुसऱ्याचा गंभीर दोष ठाऊक असून तो झाकणाऱ्या भिक्षूचे काय? तोही दोषी, पाचित्तियाचा चौसष्टावा नियम त्याच्यासाठी आहे.

लपवले तितके दिवस! हा हिशेब मांडून पाहा. १९९७ पासून २०१६ पर्यंत एकोणीस वर्षे होतात, आणि त्याआधीची वेगळीच. त्या हिशेबातून आम्ही, भिंतीवरील फोटोखाली डोळे मिटून बसलेले, सुटत नाही. मला तो मजकूर कळला तेव्हापासून त्या अमरावतीच्या बैठकीपर्यंत माझाही परिवास मोजला पाहिजे.

विनयाने उपासकाच्या हातीही एक शस्त्र दिले आहे. कौशांबीचे भिक्षू भांडत राहिले, खुद्द बुद्धांचेही ऐकेनात, तेव्हा तेथील उपासकांनी त्यांना वंदन करणे आणि भिक्षा घालणे बंद केले. भिक्षू वठणीवर आले आणि वाद मिटवायला श्रावस्तीला गेले. म्हणजे प्रश्न विचारणारा उपासक संघद्रोही नसतो. कधीकधी तोच संघ वाचवतो. मज्झिमनिकायातील वीमंसक सुत्तात तर बुद्ध शिष्यांना सांगतात, की खुद्द तथागताचीही परीक्षा करा, त्याचे वागणे डोळ्यांनी पाहा आणि बोलणे कानांनी पारखा. जो शास्ता स्वतःची परीक्षा घ्यायला सांगतो, त्याच्या नावाने चालणाऱ्या संघात एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाला ‘चव्हाटा’ म्हणावे?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत बाबासाहेबांनी राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध दिलेला इशारा आपण सर्वांना ऐकवतो. धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, एवढी सवलत त्यांनी त्या भाषणात ठेवली होती. सात वर्षांनी त्यांनी जो धम्म स्वीकारला, त्यात मुक्त व्हायला आत्मा नाही आणि मुक्ती देणारा गुरूही नाही. म्हणजे ती सवलतही संपली. आणि आपल्या वऱ्हाडापुरते बोलायचे तर शेंडगावच्या गाडगेबाबांनी कोणाला पाया पडू दिले नाही, कोणाला शिष्य केले नाही. बाबासाहेबांपाठोपाठ दोनच आठवड्यांनी ते अमरावतीजवळ वारले. ज्या मातीत असा माणूस झाला, त्या मातीत गुरूवाचून अडते कोणाचे?

६

आता साहित्याच्या शिक्षकांना, म्हणजे स्वतःलाच, एक प्रश्न.

‘बलुतं’ १९७८ साली आले तेव्हा ‘आपल्या वस्तीची अब्रू वेशीला का टांगता’ असे दया पवारांना घरच्याच माणसांनी विचारले होते. ‘अक्करमाशी’ने शरणकुमार लिंबाळ्यांना सोपे दिवस दिले नाहीत. बेबी कांबळ्यांनी ‘जिणं आमुचं’चे लेखन वर्षानुवर्षे नवऱ्यापासून दडवून ठेवले. उर्मिला पवारांनी ‘आयदान’मध्ये चळवळीतल्या पुरुषांच्या घरातले अंधारही दाखवले. आम्ही ही पुस्तके शिकवतो. ‘अनुभवाची प्रामाणिकता’, ‘साक्षीचे साहित्य’, ‘नकार’ हे शब्द आमच्या टिपणांत ठळक असतात. दलित साहित्याने मराठीला काय दिले, या प्रश्नाचे आमचे ठरलेले उत्तर असे, की ज्याचे ऐकले जात नव्हते त्याचे म्हणणे प्रमाण मानायला शिकवले.

मग ज्याचे आज ऐकले जात नाही, तो परक्या देशातला गोरा तरुण आहे म्हणून त्याची साक्ष अप्रमाण? की आरोप सवर्णावर असेल तेव्हा साक्ष, आणि आपल्या गुरूवर असेल तेव्हा कुजबूज? साक्षीचे साहित्य शिकवणाऱ्याला साक्षीदार निवडता येत नाही.

७

केवळ बोट दाखवून हा लेख संपवणे बरे नव्हे. पश्चिमेकडे इतर बौद्ध संप्रदायांवर अशीच वेळ आली आहे. १९९३ साली धर्मशाळेत दलाई लामांशी झालेल्या बैठकीनंतर पाश्चात्त्य धम्मशिक्षकांनी, शिक्षकाचे गैरवर्तन झाकू नका, असे जाहीर आवाहन केले होते. सोग्याल रिन्पोचे यांच्याविरुद्ध जुलै २०१७ मध्ये आठ शिष्यांनी पत्र लिहिले, तेव्हा त्यांच्या रिग्पा संस्थेला बाहेरच्या वकिलांकरवी चौकशी करवावी लागली आणि २०१८ साली तिचा अहवाल जाहीर झाला. घरच्या माणसांनी घरच्या माणसाची केलेली चौकशी कितीही प्रामाणिक असली, तरी पीडिताला ती घरचीच वाटते. म्हणून चौकशी बाहेरच्यांनी करावी आणि तिचा निष्कर्ष मराठीत, हिंदीत, सामान्य उपासिकेला कळेल अशा भाषेत छापावा. निवेदन इंग्रजीत आणि श्रद्धा मराठीत, ही विषमता आहे.

दुसरे, आपल्याकडील संस्थांचे. इथे अमुक घडले असे मी म्हणत नाही. माझ्याजवळ तशी माहिती नाही. पण ‘घडले नाही’ असे म्हणण्याचा अधिकार त्यालाच, ज्याने तक्रारीचे दार उघडे ठेवले. १३ ऑगस्ट १९९७ रोजी, म्हणजे ‘गार्डियन’च्या वृत्तांताआधी अडीच महिने, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयी निवाडा दिला. राजस्थानातील भंवरीदेवीवरील अत्याचारानंतर महिला संघटना न्यायालयात गेल्या होत्या, आणि त्यांतील एका संघटनेच्या नावाने तो निवाडा ओळखला जातो. ते नाव ‘विशाखा’. त्यातूनच २०१३चा कायदा आला. दहा वा अधिक माणसे काम करतात त्या प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती हवी; त्याहून लहान संस्थेतील स्त्रीला जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या स्थानिक समितीकडे जाता येते. धर्माचा फलक लावल्याने यातून सूट मिळत नाही. मुले राहतात त्या वसतिगृहांना २०१२चा बालसंरक्षण कायदा लागू आहे. आपल्या विहाराच्या, शिबिराच्या, वसतिगृहाच्या भिंतीवर त्या समितीतील माणसांची नावे आणि फोन क्रमांक लिहिले आहेत का, एवढे प्रत्येकाने पाहून यावे. प्रौढ पुरुष शिबिरार्थींना हा कायदा पुरत नाही. त्यांच्यासाठी संघाने स्वतः नियम करावेत. बुद्धांनीही प्रत्येक नियम तक्रार आल्यावरच केला होता.

तिसरी गोष्ट आपल्या हातची आहे आणि तिला ना कायदा लागतो ना वकील. आपण वर्षावास पाळतो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारांत ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चे वाचन होते, समारोपाला भोजनदान होते, फोटो निघतात. मूळ वर्षावासाचा शेवट भोजनाने होत नव्हता, प्रवारणेने होत होता. प्रत्येक भिक्षू, थोरातला थोर सुद्धा, संघापुढे उकिडवा बसून हात जोडी आणि विनवी, की माझ्याविषयी कोणी काही पाहिले असेल, ऐकले असेल, शंका आली असेल, तर कृपा करून सांगा. मला दिसले तर मी सुधारीन. नव्याने जुन्याला विनवायचे आणि जुन्यानेही नव्याला. ती प्रथा आपण विहाराविहारात पुन्हा सुरू करू शकतो. व्यासपीठावरच्याने खाली उतरून बसावे आणि खालच्यांना विचारावे. पहिल्या वर्षी कोणी बोलणार नाही. दुसऱ्या वर्षी एखादी म्हातारी हिशेबाच्या वहीविषयी बोलेल. तिसऱ्या वर्षी कदाचित खरे काही बोलले जाईल.

तो फोटो उतरवावा की ठेवावा, असे मला कोणी विचारले तर माझ्यापाशी तयार उत्तर नाही. १९५६ सालच्या डिसेंबरातला तो तरुण भिक्षू मला पुसता येत नाही, आणि पुसू इच्छीतही नाही. ठेवायचा तर त्याच्याखाली बसून ही सगळी कहाणी सांगता आली पाहिजे. सांगता येत नसेल, तर खिळा रिकामा राहिलेला बरा.

त्या विद्यार्थिनीने अभ्यासवर्गाला येणे नंतर बंद केले. महाविद्यालयात मात्र ती भेटते. मागच्या आठवड्यात मी तिला वाचनालयात गाठून सांगितले, की तिने मोबाइलवर दाखवले होते ते खरे आहे, आणि मला ते त्या दिवशीही ठाऊक होते. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तं मंग सर, तुमी त्या दिवशी बोल्ले काहून नाही?”

या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेले नाही. येत्या आश्विन पौर्णिमेला, चार माणसांसमोर, ते द्यायचे आहे.